नोकरी गेल्यावर ‘माझी ओळख ख्रिस्तात आहे’ याचा अर्थ काय घ्यावा?

वाटसरू यांचा प्रश्न

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम.

बावीस वर्षे मी एकाच कंपनीच्या हिशेब विभागात काम केले आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे विभागप्रमुख होतो. चार महिन्यांपूर्वी तो विभागच बंद करण्यात आला आणि आम्हा सर्वांना एकाच दिवशी घरी पाठवले. निघताना दारावर ओळखपत्र जमा करून घेतले. आजही घराबाहेर पाऊल टाकताना माझा हात आपोआप छातीशी जातो, गळ्यातली फीत चाचपतो, आणि तिथे काहीच लागत नाही.

मी मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच, लहानाचा मोठा झालो आणि संडे स्कूलमध्ये बरीच वर्षे शिकवले. आपली खरी ओळख ख्रिस्तात आहे, हुद्द्यात किंवा पैशात नाही, हे मुलांना मी स्वतः कितीतरी वेळा सांगितले आहे. आता तेच वाक्य मनाशी म्हणतो तेव्हा ते खोटे वाटत नाही, पण हातीही लागत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि कर्जाचे हप्ते, मुलीचे शिक्षण, माझे वय हे सारे एकामागून एक डोळ्यांसमोर उभे राहते. उपासनेनंतर कोणी ‘सध्या काय चालले आहे?’ असे विचारील या धास्तीने गेले तीन रविवार मी शेवटचे गीत सुरू असतानाच बाहेर पडलो आहे.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. इतकी भीती वाटणे म्हणजे माझा विश्वास कच्चा होता असे समजावे काय? आणि ख्रिस्तातली ओळख सोमवारी सकाळी, जेव्हा जायला कुठेच नसते, तेव्हा माणसाला नेमके काय देते?

दिवेलागण यांचे उत्तर

वाटसरू भाऊ, मी निवृत्त परिचारिका आहे. गणवेश उतरवल्यानंतरचे पहिले वर्ष मला अजून आठवते, त्यामुळे छातीशी जाणारा तुमचा हात मला डोळ्यांपुढे दिसला. त्या वर्षी मला आधार दिला तो मत्तयाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायांच्या सांध्याने.

यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन येशू वर आला तेव्हा आकाशातून वाणी झाली, ‘हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे.’ ही वाणी कधी झाली ते पाहा. तोपर्यंत त्याने एकही आजारी बरा केलेला नव्हता, डोंगरावरचे प्रवचन दिलेले नव्हते आणि एकही शिष्य बोलावलेला नव्हता, म्हणजे ज्या कार्यासाठी जग त्याला ओळखते त्यातले काहीच घडलेले नसताना पिता त्याच्याविषयी संतुष्ट आहे. आपण उलट क्रमाने जगतो: आधी काम, मग कामाची पावती आणि त्या पावतीवर आपले नाव.

लगेच पुढे अरण्य येते, चाळीस दिवसांचा उपास येतो, आणि परीक्षक, म्हणजे सैतान, पहिला घाव घालतो तो नेमका त्या वाणीवरच: तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर. ‘परमप्रिय’ हा शब्द मात्र त्याने गाळला आहे. पुत्र असशील तर ते सिद्ध करून दाखव, एवढीच त्याची मागणी आहे. मला वाटते, पहाटे तीन वाजता तुमच्याशी जे बोलते त्याचा सूर हाच आहे. येशूने भाकरी करून दाखवली नाही. मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, हे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातले वचन त्याने उच्चारले आणि आधीच बोलल्या गेलेल्या शब्दावर तो टिकून राहिला. भूक मात्र त्याला खरोखरच लागली होती, हे मत्तय स्पष्ट लिहितो. तेव्हा भीतीला किंवा भुकेला विश्वासाच्या कच्चेपणाचा पुरावा मानू नका.

खलाशाचा मुलगा यांचे उत्तर

ताईंनी लिहिलेले मला पूर्ण पटते, पण सुरक्षिततेबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे असे वाटते. ‘देवावर विश्वास ठेवा, सगळे पूर्ववत होईल’ असे लोक फार सहज सांगतात, आणि ते पूर्ववत झाले नाही की ऐकणाऱ्याचा विश्वासच बुडतो. पवित्र शास्त्रात असे वचन कोणाला दिलेले मला दिसत नाही.

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय एकदा सलग वाचावा अशी माझी विनंती आहे. प्रेषित पौल कैदी म्हणून जहाजातून इटलीकडे चालला आहे. वादळ इतके की कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, माल समुद्रात टाकून झाला आहे आणि वाचण्याची आशा सर्वांनी सोडली आहे. अशा रात्री पौल उभा राहून म्हणतो की, ज्याचा मी आहे आणि ज्याची सेवा मी करतो त्या देवाचा दूत माझ्याजवळ उभा राहिला. ‘ज्याचा मी आहे’ या शब्दांपाशी मी दर वेळी थांबतो. आपण ‘मी कोण?’ असे विचारत राहतो आणि पौल ‘मी कोणाचा?’ याचे उत्तर देतो. व्याकरणात षष्ठी ही संबंधाची विभक्ती. ख्रिस्ती माणसाची ओळख त्या षष्ठीत आहे. ख्रिस्ती श्रद्धा शिकवण्यासाठी १५६३ साली तयार झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीचा पहिलाच प्रश्न जीवनात आणि मरणात तुझे एकमेव सांत्वन कोणते असा आहे, आणि तिथेही उत्तराचा आरंभ याच विभक्तीने होतो: मी माझा स्वतःचा नाही, माझ्या विश्वासू तारणाऱ्याचा, येशू ख्रिस्ताचा आहे.

आता त्या दूताने काय आश्वासन दिले ते पाहा. तुमच्यापैकी कोणाचाही जीव जाणार नाही, जहाज मात्र जाईल. आणि तसेच झाले. माल्टाच्या किनाऱ्याजवळ जहाज रुतले, मागचा भाग लाटांनी फुटला आणि २७६ माणसे, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर तर कोणी जहाजाच्या तुकड्यांवर, किनाऱ्याला लागली. तुमची नोकरी हे जहाज होते. बावीस वर्षे त्याने तुम्हाला वाहून नेले, त्याबद्दल उपकार मानावेत आणि ते फुटल्याबद्दल रडावेही, कारण चांगले जहाज फुटले तर रडू येणारच. पण देवाने जपण्याचे वचन दिले होते ते त्यातल्या माणसांना.

याच अध्यायातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वचन मिळालेले असूनही खलाशी बुडीद, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, टाकून पाणी मोजतात. आधी वीस वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) भरते, थोडे पुढे गेल्यावर पंधरा. मग ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उजाडण्याची वाट पाहतात. पौल त्यांना अविश्वासी म्हणत नाही. उलट, चौदा दिवस नीट न जेवलेल्या त्या माणसांसमोर तो भाकरी घेतो, देवाची उपकारस्तुती करतो, खाऊ लागतो, आणि सर्वांना धीर येतो. तुम्ही हिशेबातले माणूस आहात. तुमच्या घराखाली पाणी किती वाव आहे, हे एकदा मोजले आहे काय?

जागरण यांचे उत्तर

मी थोडक्यात लिहितो. गेल्या वर्षी मी अशाच काळातून गेलो आणि झोप नसण्याचा सारा दोष माझ्या प्रार्थनेला देत राहिलो. जुन्या करारातील संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे म्हणाला तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. बोलणे त्यानंतर झाले. झोप अशीच मोडत राहिली तर डॉक्टरांना जरूर भेटा, त्यात विश्वासाला काही कमीपणा नाही. आणि प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते, तरीही ते देवाशीच बोलत असते आणि पवित्र शास्त्रात त्याला जागा मिळालेली आहे. मला त्या दिवसांत आनंदाच्या गीतांपेक्षा त्याची सोबत अधिक झाली.

वाटसरू यांचे उत्तर

आपण तिघांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे.

काल रात्री मी आणि पत्नीने सत्ताविसावा अध्याय मोठ्याने वाचला. पाणी मोजण्याच्या ओळीपाशी ती थांबली आणि तिने सरळ विचारले, ‘कंपनीची वही एक दिवसही चुकू दिली नाहीत, आपली वही चार महिन्यांत एकदा तरी उघडलीत काय?’ मी उघडली नव्हती. रात्री अकरा वाजता आम्ही दोघे टेबलाशी बसलो आणि बाराला संपूर्ण आकडा समोर होता. सात महिन्यांचे हप्ते निघतील. ही रक्कम मोठी नव्हे, पण पहाटे तीनला मी कल्पनेत जी मोजत होतो तिच्यापेक्षा ती बरीच अधिक आहे. मुलीलाही सकाळी सर्व सांगितले. तिला ते महिनाभर आधीच कळले होते आणि मी कधी बोलतो याची ती वाट पाहत होती.

झोपण्यापूर्वी प्रार्थना करताना नेहमीचे शब्द आले नाहीत. ‘मी तुझा आहे’ एवढेच म्हणालो आणि थांबलो. तीनला जाग आलीच, भीतीही होती, पण तेच तीन शब्द पुन्हा म्हणता आले.

ताई, पुढच्या रविवारी शेवटचे गीत संपेपर्यंत थांबायचे ठरवले आहे. कोणी विचारलेच तर विभाग बंद झाल्याचे सांगेन आणि माझ्यासाठी प्रार्थना करा असेही म्हणेन. बावीस वर्षांत मी मंडळीत प्रार्थनेची विनंती कधी केलेली नाही, त्यामुळे ती कशी करतात हे मला शिकावे लागेल.