मदत हवी आहे: 'लॉबिंग' आणि 'चेकऑफ'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मका उत्पादकांच्या संघटनेचं काम मला दहावीच्या मुलांना मराठीतून समजावून सांगायचंय, आणि एका जागी मी अडकलेय.

सुरुवात सोपी आहे. तिथल्या शेतांतला बहुतेक मका आपण भाजून खातो तो गोड मका नसतोच. वाळल्यावर दाण्याच्या डोक्याला खळगा पडतो तो डेंट मका, जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाणारा. दोन्ही कणसं हातातच देईन.

अडचण पैशाची. मका विकताना दर बुशेलमागे (56 पौंड, साधारण 25.4 किलो) ठरलेली रक्कम कापतात, तिला 'चेकऑफ' म्हणतात. ती संशोधन, बाजारपेठ, शिक्षण यांसाठी. लोकप्रतिनिधींकडे कायद्यासाठी पाठपुरावा, म्हणजे 'लॉबिंग', मात्र त्यातून करता येत नाही, त्याला सभासदांची वर्गणी लागते. हा फरक मुलांना कळायलाच हवा, माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

'लॉबिंग'ला काय म्हणू? 'वकिली' म्हटलं की कोर्ट डोळ्यांपुढे येतं, 'दबाव' फारच वाईट वाटतं. आणि 'चेकऑफ'ला? शेतकऱ्याने मागितली तर ती रक्कम परत मिळते, म्हणून 'कर' म्हणवत नाही. बाजार समिती किंवा सहकारात काम केलेल्यांनी कृपया सुचवा.