चाचणी न करता आर्म६४ची इमेज प्रकाशित करावी का?

कर्नलकाका (धागाकर्ता)

माझं मत आधीच मांडतो. ज्या आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या प्रकाराच्या; उदा. ६४-बिट एक्स८६ म्हणजे एएमडी६४, किंवा आर्म६४) खऱ्या प्रोसेसरवर टेस्ट चालवलेल्या नाहीत, त्याची डॉकर इमेज (कंटेनरमध्ये चालवायचं बांधलेलं सॉफ्टवेअर) नेहमीच्या टॅगखाली (आवृत्तीच्या नावाखाली) प्रकाशित करू नये. त्यापेक्षा इमेज नसलेली परवडली.

इमेज नसली की लगेच कळतं. एकतर पुल करतानाच (उतरवून घेतानाच) जुळणारा मॅनिफेस्ट (इमेजचं वर्णन) सापडत नाही, नाहीतर कंटेनर सुरू होताक्षणी 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन बंद पडतो. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो आणि आतल्या बायनरी थेट यजमान मशीनच्या प्रोसेसरवर चालतात, म्हणून एएमडी६४ची बायनरी आर्म६४वर चालत नाही. पण आता बिल्डएक्सच्या (डॉकरच्या बिल्ड साधनाच्या) प्लॅटफॉर्म यादीत आणखी एक नाव घातलं आणि बिनएफएमटी-मिस्कमध्ये (परकी बायनरी कशाने चालवायची ते ठरवणाऱ्या कर्नलच्या सोयीत) क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा एम्युलेटर) नोंदवलेलं असलं, की बिल्ड पार पडतो. एकाच टॅगखाली तीन आर्किटेक्चर दिसू लागतात. वापरणाऱ्याला वाटतं आर्म६४ची सोय आहे. ती इमेज आर्म प्रोसेसरवर एकदा तरी कुणी सुरू केली होती का, हे त्याला कळायला मार्ग नाही.

बिल्ड झाला याचा अर्थ कंपायलरने अडवलं नाही, इतकाच. सी भाषेतला साधा 'चार' (अक्षराचा डेटा-प्रकार) एक्स८६ लिनक्सवर चिन्हासहित असतो, आर्म लिनक्सवर चिन्हरहित. वाचलेलं अक्षर 'चार'मध्ये ठेवून ते ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, एक ऋण आकडा) ताडणारा लूप एक्स८६वर संपतो, आर्मवर कधीच संपत नाही. पूर्णांकात न मावणारी मोठी दशांश संख्या बदलून घेतली तर एक्स८६ सगळ्यात लहान ऋण आकडा देतो, आर्म कमाल आकड्यावर थांबतो. असा कोड मुळातच चुकीचा आहे हे खरं. पण असा कोड सगळीकडे आहे, आणि वर्षानुवर्षं एक्स८६वर नीट चालतो आहे.

पोर्टवाली

पूर्ण असहमत.

हा नियम आधीपासून असता तर आज आर्मवर चालणारं निम्मं सॉफ्टवेअर चाललं नसतं. डॉकरच्या अधिकृत इमेज २०१७मध्ये बहु-आर्किटेक्चर झाल्या. त्या काळात बहुतेक छोट्या प्रोजेक्टांकडे रास्पबेरी पायपलीकडे आर्मचं मशीन नव्हतं, अनेकांकडे तेही नव्हतं. त्यांनी क्यूईएमयूवर इमेज बांधल्या, लोकांनी वापरल्या, जे तुटलं ते कळवलं, आणि त्यातून पोर्ट (आर्मसाठीच्या आवृत्त्या) पक्के झाले. नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलचे एम१ लॅपटॉप आले तेव्हा पुष्कळ गोष्टी लवकर चालू लागल्या, त्यामागे हेच श्रम होते. इमेज नाही म्हणून वापरणारे नाहीत, वापरणारे नाहीत म्हणून बग कळत नाहीत, आणि बग माहीत नाहीत म्हणून इमेज नाही. हे चक्र कुणीतरी कुठेतरी तोडावंच लागतं.

शिवाय तुमची सगळी उदाहरणं सी मधली आहेत. कंटेनरमध्ये जाणारं किती सॉफ्टवेअर आज गो, जावा किंवा निव्वळ पायथन आहे! सी-गो (गोमधून सी कोड वापरायची सोय) बंद ठेवून बांधलेला गो प्रोग्रॅम, किंवा ज्याचा रनटाइम आर्मवर आधीच पक्का झालेला आहे असा प्रोग्रॅम, त्याला तुमची भीती लागू होत नाही. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक वेगळीच असते. डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बांधायची ते लिहिलेल्या फाइलीत) कर्लने कुठलीतरी बायनरी उतरवलेली असते आणि त्या दुव्यात एएमडी६४ हे नाव थेट लिहिलेलं असतं. कुणी ते सुधारायला यूनेम (मशीनचा प्रकार सांगणारी आज्ञा) वापरतो, तर यूनेम 'एआर्च६४' (आर्म६४चंच दुसरं नाव) सांगतो आणि रिलीजच्या फाइलीचं नाव 'आर्म६४' असतं. हे पहिल्याच वापरात उघडं पडतं आणि दहा मिनिटांत दुरुस्त होतं.

रात्रीचा_बिल्ड

दोघांनाही विचारतो, एम्युलेशनमध्ये बिल्ड करायचाच कशाला? बिल्डची पायरी बिल्डप्लॅटफॉर्मवर (बांधणाऱ्या मशीनच्याच आर्किटेक्चरवर) ठेवा, कंपायलरला टार्गेटआर्च (ज्यासाठी बांधायचं ते आर्किटेक्चर) द्या, क्रॉस-कंपाइल करा, शेवटच्या पायरीत फक्त बायनरी नव्या इमेजमध्ये कॉपी करा. गोसाठी हे एका ओळीचं काम आहे. रस्टला लिंकर आणि सिसरूट (त्या आर्किटेक्चरच्या लायब्ररींचा संच) लागतो, तरी जमतं. पायथनमध्ये मात्र ज्या पॅकेजचं एआर्च६४चं व्हील (आधीच बांधलेलं पॅकेज) नाही तिथे पिप (पायथनची पॅकेज बसवणारं साधन) सोर्समधून बांधायला बसतो, आणि तेच क्यूईएमयूखाली चाललं की काही मिनिटांचं काम तासांवर जातं. बेस म्हणून अल्पाइन लिनक्स वापरत असाल तर मसलची (त्याच्या सी लायब्ररीची) व्हील वेगळी लागतात, ती आणखी कमी पॅकेजांची मिळतात. तिथे डेबियनचा बेस घेतलेला बरा.

कर्नलकाका

@रात्रीचा_बिल्ड, क्रॉस-कंपाइलने वेळ वाचतो, माझा प्रश्न तसाच राहतो. बांधलेलं चालवून कुणी पाहिलं?

@पोर्टवाली, जावाचा बाइटकोड सगळीकडे एकच, हे मान्य. पण जारच्या (जावा प्रोग्रॅमच्या फाइलीच्या) पोटात जेएनआयच्या (जावातून वापरायच्या) नेटिव्ह, म्हणजे थेट प्रोसेसरसाठी बांधलेल्या, लायब्ररी असतात. कॉम्प्रेशन, टीएलएस, एम्बेडेड डेटाबेस यांचा नेटिव्ह भाग प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळा लागतो, आणि तो नाही हे त्या वाटेवर पहिली विनंती जाईपर्यंत कळत नाही.

आता 'मग क्यूईएमयूमध्येच टेस्ट चालवू' असं कुणी म्हणण्याआधी सांगतो. एक थ्रेड आधी डेटा लिहितो, मग 'तयार' हा फ्लॅग. एक्स८६वर दुसऱ्या थ्रेडला ही दोन लेखनं त्याच क्रमाने दिसतात. आर्मवर बॅरियर किंवा योग्य ॲटॉमिक (क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना) नसेल तर फ्लॅग नवा आणि डेटा जुना, असं दिसू शकतं. आर्मची इमेज क्यूईएमयूने एक्स८६ मशीनवर चालवली तरी खालचा प्रोसेसर एक्स८६च असतो, त्याचा कडक क्रम तसाच राहतो. म्हणजे आर्मवरचा सगळ्यात घातक दोष एम्युलेशनमध्ये जवळजवळ दिसतच नाही. टेस्ट हिरव्या, आणि खऱ्या मशीनवर आठवड्यातून एकदा रांगेतला एखादा संदेश बिघडलेला. हा शोधायला किती जीव जातो हे ज्याने शोधलंय त्याला विचारा.

पोर्टवाली

मेमरीच्या क्रमाचा मुद्दा बिनतोड आहे. पण तो तुमच्याच नियमाविरुद्ध जातो. आठवड्यातून एकदा दिसणारा दोष तुमच्या सीआयमधल्या (आपोआप बिल्ड-टेस्ट करणाऱ्या व्यवस्थेतल्या) खऱ्या आर्म मशीनवर पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये दिसेल का? बहुधा नाही. तो वापरातच सापडतो, आणि वापर इमेजशिवाय होत नाही.

आणि 'आर्मवर टेस्ट केली' म्हणजे नक्की कुठल्या आर्मवर? आर्म६४च्या कर्नलचं पेज (मेमरी वाटण्याचा एकक) ४ केबी, १६ केबी किंवा ६४ केबीचं असू शकतं. रास्पबेरी पाय ५चा नेहमीचा कर्नल १६ केबीचा आहे. ४ केबी पेज गृहीत धरून बांधलेली जेईमॅलॉक (मेमरी वाटणारी लायब्ररी) असलेली इमेज तिथे सुरू होतानाच 'पेजचा आकार चालत नाही' म्हणून थांबते, मग तुम्ही ४ केबीच्या सर्व्हरवर कितीही टेस्ट केलेल्या असोत. मोंगोडीबी हा डेटाबेस ५.० पासून आर्मवर एआरएमव्ही८.२ (आर्मच्या सूचनासंचाची आवृत्ती) मागतो. पाय ४ त्याहून जुना, तिथे 'इलिगल इन्स्ट्रक्शन'. दोन्हीकडे इमेज आर्म६४चीच, टॅगही तोच. तुम्ही टॅगकडून जी हमी मागता ती टॅग कधीच देऊ शकत नाही. ती दस्तऐवजात लिहावी लागते.

एकटा_मेंटेनर

एका छोट्या लॉग-गोळा करणाऱ्या टूलचा मी एकमेव मेंटेनर आहे, म्हणून तिसऱ्या बाजूने लिहितो.

प्लॅटफॉर्मच्या यादीत नाव वाढवायची विनंती पाच ओळींची असते. ती घेतली की त्या आर्किटेक्चरचा प्रत्येक इश्यू माझा होतो आणि ज्याने विनंती केली तो बहुतेक वेळा पुन्हा दिसत नाही. एस३९०एक्सची (आयबीएम मेनफ्रेमची) मागणी आली तेव्हा बिल्ड निर्वेध झाला. पण ते बिग-एंडियन (संख्येचा मोठा बाइट आधी ठेवणारं) आहे आणि माझा इंडेक्स फाइलचा फॉरमॅट मेमरीतले बाइट जसेच्या तसे डिस्कवर लिहितो. एका मशीनवर लिहिलेली फाइल दुसऱ्यावर वाचली तर आकडे उलटे. म्हणून मी नाही म्हटलं, आणि त्याबद्दल मला बरंच ऐकावं लागलं. पोर्टवाली म्हणतात ते चक्र मला कळतं, पण ते तोडण्याचा खर्च कुणाच्या संध्याकाळींतून जातो हेही कुणीतरी बोललं पाहिजे.

आर्म६४पुरतं बोलायचं तर आता सबब उरलेली नाही. सार्वजनिक रिपॉझिटरींसाठी गिटहबने जानेवारी २०२५मध्ये मोफत आर्म लिनक्स रनर (बिल्ड-टेस्ट चालवणारी मशीन) खुले केले. मी त्याच महिन्यात क्यूईएमयू काढून टाकलं. दोन आर्किटेक्चर दोन खऱ्या मशीनवर बांधतो, टेस्ट तिथेच चालतात, शेवटी दोन्ही इमेजचे डायजेस्ट (ओळखीचे हॅश) एका इंडेक्समध्ये (एका टॅगखालच्या यादीत) जोडतो. खरा प्रश्न आता रिस्क-व्ही या खुल्या आर्किटेक्चरचा आहे. ऑगस्ट २०२५च्या डेबियन १३मध्ये ते अधिकृत आर्किटेक्चर आहे, म्हणजे बेस इमेजची अडचण संपली आणि मागण्या सुरू झाल्या.

कर्नलकाका

डेबियनचं उदाहरण आलंच आहे तर, डेबियनचे बिल्ड त्या त्या आर्किटेक्चरच्या मशीनवर होतात आणि पॅकेजच्या टेस्ट बिल्डसोबतच तिथे चालतात. मी यापेक्षा जास्त काही मागत नाही. रिस्क-व्हीची इमेज द्या, जरूर द्या, पण 'प्रायोगिक' अशा वेगळ्या टॅगवर. ज्याला हवी तो जाणूनबुजून घेईल, बगही कळवेल. पोर्टवालींचं चक्र तुटतं आणि न विचारता कुणाच्या माथी काही येत नाही.

रात्रीचा_बिल्ड

वेगळा टॅग मिश्र क्लस्टरमध्ये (वेगवेगळ्या आर्किटेक्चरच्या मशीनच्या, म्हणजे नोडच्या, समूहात) त्रासाचा आहे. तिथे एकच नाव लागतं, नोडप्रमाणे योग्य इमेज रनटाइमने उचलावी म्हणूनच तर इंडेक्स आहे.

कर्नलकाका

मिश्र क्लस्टर हेच माझं सगळ्यात मोठं कारण आहे. एएमडी६४चा नोड पडला, शेड्यूलरने पॉड (कंटेनरचा गट) आर्मच्या नोडवर उभा केला, व्हॉल्यूम (डेटाची डिस्क) तोच, टॅग तोच. कुणीही काही निवडलेलं नाही, आणि कधीही टेस्ट न झालेली बायनरी आता खऱ्या डेटावर लिहिते आहे.

पोर्टवाली

त्यासाठी नोडवर आर्किटेक्चरचं लेबल कुबरनेटिस (क्लस्टर चालवणारी प्रणाली) स्वतःच लावतं. ज्याचा डेटा मोलाचा आहे त्याने नोड ॲफिनिटी (पॉड कुठल्या नोडवर चालावा याची अट) लिहावी. क्लस्टर चालवणाऱ्याचं हे काम आहे, ते इमेज फुकट बांधून देणाऱ्यावर ढकलू नका. प्रायोगिक टॅगला मात्र एका अटीवर माझी हरकत नाही: तो टॅग कधी जाणार आणि कशाने जाणार, हे पहिल्याच दिवशी रीडमीमध्ये लिहायचं. कोणत्या टेस्ट, कोणत्या पेज आकारावर, कुठल्या किमान प्रोसेसरवर. मेंटेनरला ती मशीन मिळत नसतील तर ज्यांनी मागणी केली त्यांनी रनर द्यावा. @एकटा_मेंटेनर, रिस्क-व्हीची विनंती तुमच्याकडे उघडी असेल तर मी माझा बोर्ड रनर म्हणून जोडायला तयार आहे, आणि इश्यू आले तर त्यांच्यावर माझं नाव टाका.