क्वीझी म्हणजे नुसती मळमळ का?

प्रश्न (लातूर):
बहिणीच्या बारावीच्या इंग्रजीत वाक्य आलं, 'शी फेल्ट क्वीझी अबाउट टेकिंग द मनी'. डिक्शनरीत क्वीझी म्हणजे मळमळणे एवढंच दिलंय, तिनं तेच लिहिलं, पैसे घेताना मळमळलं, आणि मार्क गेले. आता मलाही समजावता येईना. पैशानं मळमळतं का कुणाला? सांगा कुणीतरी, परीक्षा जवळ आलीय.

उत्तर (धाराशिव):
मी नर्स आहे, पोटाचं तेवढं सांगते. तुळजापूरच्या घाटात एसटी वळणं घ्यायला लागली की मोबाईल बघत बसलेलं लेकरू एकदम गप होतं, तोंड पांढरं पडतं, तोंडाला पाणी सुटतं आणि म्हणतं आई कसंतरी होऊलालंय. उलटी झालेली नसते, होईलच असंही नाही, ते क्वीझी. डोळे म्हणतात आपण एका जागी बसलोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलूलालो, त्या गोंधळानं होतं ते. मोबाईल काढून घ्यायचा अन् खिडकीतून लांबवर बघायला लावायचं.

उत्तर (नांदेड):
ताईंचं 'कसंतरी' हाच शब्द लिहायचा होता. मळमळ म्हटलं की बहुतेक पोटाचीच समजतात, कसंतरी पोटालाही होतं आणि मनालाही, क्वीझीचं तसंच आहे. पुढं अबाउट आलं की बहुतेक मनाचं समजायचं, काम बरोबर नाही हे आतून कळतंय आणि जीव मागं सरतोय. शिसारी लिहू नका, ती फार जहाल होते.

क्वाम शब्दही असाच, स्पेलिंगमध्ये एल आहे पण बोलत नाहीत. पूर्वी त्याचा अर्थ अचानक आलेली मळमळ असाही होता, आता जास्त करून मनाची टोचणी. 'नो क्वाम्स' म्हणजे काहीच न वाटणं.

आणि नॉशिया, म्हणजे मळमळच, हा शब्द तर आपल्या नात्यातला निघतो! ग्रीकमध्ये नाउस म्हणजे जहाज, त्यावरून गाडी लागते तसं समुद्रात जहाज लागणं म्हणजे नॉशिया, आणि आपली नाव, नौका त्याच कुळातली. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात तेच शिकवलं.

प्रश्नकर्ता:
लई आभार दोघांचे. बहिणीनं आता लिहिलंय, 'ते पैसे घेताना तिला कसंतरीच वाटत होतं.' चालेल ना?

उत्तर (नांदेड):
चालेल काय, एकदम बरोबर. तो 'च' तसाच राहू द्या.