होमवर्ल्ड (१९९९): कादेशच्या बागेत आरमार टिकत का नाही?

उत्तररात्र (प्रश्न)

२०१५ साली निघालेल्या, ‘होमवर्ल्ड’ या अवकाशयुद्धाच्या संगणक-खेळाच्या नव्या संचात १९९९ चा मूळ खेळही दिलेला आहे आणि मी सध्या तोच खेळत आहे. सातव्या मोहिमेत, म्हणजे कादेशच्या बागेत, माझे आरमार आतापर्यंत तीन वेळा बुडाले. माझ्याजवळ पंचवीस इंटरसेप्टर (छोटी लढाऊ याने) होते. ते सगळे डेल्टा रचनेत लावून, आक्रमक पवित्र्यावर ठेवून, स्वार्मरांचा, म्हणजे तिथल्या शत्रूच्या छोट्या यानांचा, थवा दिसताच मी त्यांच्यावर सोडले. सुरुवातीला शत्रूची याने भराभर पडतात. परंतु थोड्याच वेळात माझी याने एकेक करून मदरशिपकडे (आरमाराच्या मुख्य जहाजाकडे) परतू लागतात, तिथे त्यांची रांग लागते आणि नेमका त्याच वेळी दुसऱ्या बाजूने नवा थवा येतो. शिवाय या खेळाचे एवढे नाव ज्या तिसऱ्या मितीमुळे झाले, तिचा मला लढाईत काहीच उपयोग करता येत नाही. माझे नेमके कुठे चुकते आहे?

दर्यासारंग

आपले आरमार शत्रूच्या माऱ्याने नव्हे, तर इंधन संपल्यामुळे हरत आहे. मूळ खेळात इंटरसेप्टरला इंधनाची मर्यादा आहे, त्यामुळे सगळी याने एकदम सोडली की ती एकदमच रिकामी होतात. मी अशा वेळी निम्मी याने मदरशिपमध्ये ठेवतो आणि पहिली तुकडी परत निघाली की दुसरी बाहेर काढतो. पुढच्या बाजूला एखादे सपोर्ट फ्रिगेट (यानांना इंधन देणारे जहाज) उभे केले, तर इंधनासाठी मदरशिपपर्यंतचा हेलपाटाही वाचतो.

हीच मर्यादा कादेशींनाही, म्हणजे या बागेतल्या शत्रूलाही, आहे, किंबहुना अधिक तीव्रतेने आहे. स्वार्मर अत्यंत चपळ असतात, पण त्यांचे इंधन लवकर संपते आणि म्हणूनच त्यांच्यासोबत इंधनवाहू पॉड फिरत असतात. थव्याच्या मागे धावण्याऐवजी ते पॉड फोडावेत. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आले, तेव्हा मी खेळ थांबवून बराच वेळ नुसता सेन्सर्स मॅनेजरच्या (रणक्षेत्राच्या नकाशाच्या) पडद्याकडे पाहत बसलो होतो, कारण जो शत्रू अंगावर येत होता, त्याचे मर्म त्याच्या पाठीमागे होते.

लंबरेषा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तिसऱ्या मितीविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो. डोंगरावर तोफ चढवली म्हणजे पल्ला वाढतो, तसा उंचीचा लाभ अवकाशात मिळत नाही. तिथे वर आणि खाली सारखेच. तिसऱ्या मितीचा खरा उपयोग, शत्रूच्या जहाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, या प्रश्नाशी निगडित आहे. आयन कॅनन फ्रिगेटची तोफ नाकाच्या दिशेने बसवलेली असते, त्यामुळे मारा करण्यासाठी अख्खे जहाज वळवावे लागते आणि ते फार सावकाश वळते. म्हणून अशी फ्रिगेट मी भिंतीच्या रचनेत लावतो, म्हणजे सर्वांची तोंडे एकाच दिशेला राहतात आणि कोणी कोणाच्या आड येत नाही. शत्रू त्या भिंतीशी गुंतला की बॉम्बर खालून पाठवतो.

हुकूम देताना ‘एम’ दाबल्यावर जी चकती उमटते, तिच्यावर आधी आडवे अंतर ठरवावे. मग शिफ्ट धरून माउस ओढला की त्या बिंदूतून उभी रेघ निघते. उजवे बटण दाबून कॅमेरा फिरवत, बाजूने पाहून त्या रेघेचे टोक निश्चित करावे. समोरून पाहिल्यास अंतराचा हमखास चुकीचा अंदाज येतो.

चौदाव्या मोहिमेत आयन फ्रिगेटांचा प्रचंड गोल समोर येईल. तिथे सपाट विचार करणाऱ्याचे काही चालत नाही. मात्र गोलाच्या कडेने सॅल्व्हेज कॉर्व्हेट (शत्रूची जहाजे ओढून आणणारी छोटी याने) नेऊन एकेक फ्रिगेट ओढून आणले, तर तेच आपल्या आरमारात दाखल होते. आरमार पुढच्या मोहिमेत जसेच्या तसे जात असल्याने ही कमाई शेवटपर्यंत पुरते. कादेशींची मल्टीबीम (अनेक किरणांनी मारा करणारी) फ्रिगेटही अशीच पकडता येतात.

जुनीखिडकी

एक खुलासा आवश्यक वाटतो. हा सल्ला मूळ आवृत्तीसाठी आहे. त्याच संचातली नव्याने घडवलेली आवृत्ती खेळाच्या दुसऱ्या भागाच्या इंजिनवर बेतलेली असून तीत इंधनाची अट काढून टाकली आहे. सुरुवातीला तिच्यात रचनाही नीट टिकत नसत. २०१६ च्या मोठ्या दुरुस्तीने त्या बऱ्याच अंशी सुधारल्या. तरीही इंधनाची अट काढायला नको होती, असे माझे ठाम मत आहे, कारण तिच्यामुळेच माघार कधी घ्यायची, याचा विचार करावा लागत असे.

उत्तररात्र

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बारा इंटरसेप्टर बाहेर ठेवले, तेरा आत, आणि पॉड सर्वप्रथम फोडले. मोहीम पार पडली आणि दोन मल्टीबीम फ्रिगेटही हाती लागली. तिसऱ्याच्या वेळी माझी सॅल्व्हेज कॉर्व्हेट त्याच्या समोरूनच गेली आणि चारही जळाली. आता ती खालच्या बाजूने नेण्यासाठी उभ्या रेघेचा सराव करत आहे.