रांजा मासा बाजारात दिसला तर घ्यायचा का? मत सांगा

खाडीकाठची (बेलापूर):
काल आमच्या नोडमधल्या मासळी बाजारात मुशी (छोटा शार्क) घ्यायला गेले, टोपलीत बघते तर पुढून फावड्यासारखा चपटा, मागून मुशीसारखी शेपटी, अंगावर पांढरे ठिपके. रांजा! गिटारफिशच्या गोतातला, पाकटाचा भाऊबंद. मावशी म्हणाल्या मुशीच गं, कापून देते. मी नाही घेतला. 2019 ला आययूसीएनने, म्हणजे कुठली जात किती धोक्यात आहे याची जागतिक यादी करणाऱ्या संस्थेने, रांजा आणि मोठ्या गिटारफिशच्या 16 जाती तपासल्या, त्यातल्या 15 अतिसंकटग्रस्त निघाल्या, वाघसुद्धा त्या यादीत एक पायरी खाली आहे. माझं मत स्पष्ट आहे, गिऱ्हाईकांनी नाही म्हणायला लागलं की पकडणं थांबेल.

दिवाळे कोळीवाडा:
ताई, रांज्याच्या मागे मुद्दाम कोण जातं? तो तळाला वाळूत बसलेला असतो आणि कोळंबीसाठी ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं, त्यात येतो, वर येईपर्यंत बऱ्याचदा संपलेला असतो. तुम्ही टोपलीपाशी नाही म्हणालात म्हणून तो जिवंत होत नाही. आणि राग निघतो तो टोपलीवाल्या बाईवर, ट्रॉलरच्या मालकाला कोण विचारत नाही.

ठाणेकर (कोपरी):
दादा अर्धंच खरं. परांचं काय? रांज्याचे पर परदेशातल्या सूपसाठी सगळ्यात महाग परांमध्ये मोजतात. 2015 ला आपल्याकडे शार्कच्या परांची निर्यात बंद केली, 2019 ला साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराने रांज्यांच्या व्यापारावर बंधनं आणली, ती काय उगाच? ज्याला भाव आहे तो जिवंत असला तरी परत पाण्यात जात नाही. 2001 पासून मोठा रांजा वन्यजीव कायद्यात वाघाच्याच शेड्यूल 1 मध्ये आहे, 3 ते 7 वर्षं कैद. कायदा लावा.

ऐरोलीचा झूलॉजीवाला:
त्या कायद्यातच तेव्हा घोळ झाला. 2001 ला जे नाव घातलं, ऱ्हिंकोबॅटस जिडेन्सिस, ती जात आफ्रिकेच्या बाजूची, आपल्या किनाऱ्यावरचे रांजे वेगळ्या जातीचे. जात ओळखायला होडीवर पहाटे चार वाजता कोण ठिपके मोजणार? दुसरं म्हणजे हा मासा अंडी टाकत नाही, मोजकी पिल्लं देतो, वयात यायला वर्षं लागतात, पिल्लं उथळ पाण्यात वाढतात. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी कोळंबीला पुरते, याला दोन महिन्यांनी काय होणार?

दिवाळे कोळीवाडा:
हे पटलं. वनखात्याच्या कांदळवन कक्षाची योजना आहे, संरक्षित प्राणी सोडला आणि जाळं कापावं लागलं तर 25,000 पर्यंत भरपाई, फोटो द्यायचा. चांगलीच आहे, पण जाळ्याचे पैसे मिळाले तरी बुडालेल्या दिवसाचं काय? डिझेल कोण देणार?

खाडीकाठची (बेलापूर):
मग तो दिवससुद्धा भरून द्यावा, मी त्याच्या बाजूने आहे. पण दादा, घेणं न घेणं माझ्या हातात आहे ते मी सोडणार नाही. सोललेल्या तुकड्यांत मुशी कुठली, रांजा कुठला, गिऱ्हाईकाला काय कळणार? निदान मासा अख्खा दाखवून मगच कापायचा, एवढं तरी बाजारात ठरवता येईल ना?

दिवाळे कोळीवाडा:
आमच्या घरच्या बायकांना सांगतो. ट्रॉलरचा विषय मात्र सोडू नका.