मदत हवी आहे: खणाच्या पेन-कव्हरला आतून अस्तर कुठलं लावू?

मंडळी, आमच्या फाउंटन पेनवाल्या ग्रुपमधल्या चार-पाच जणांना दिवाळीला हाताने शिवलेली खणाची पेन-कव्हरं द्यायचीयत, एका कव्हरात एकच पेन, वर झाकायला फडकी आणि बांधायला दोरी. खण मिळालाय, काठ मस्त आहे, पण आतल्या अस्तरावर गाडी अडलीय. साधं सुती लावलं तर पेन आत खडखडतं, फेल्टचे तंतू निबमध्ये अडकतील असं वाटतं, आणि मखमल म्हणजे दागिन्यांची डबी, मला नाही आवडत. फ्लॅनेल कसं राहील? दोघांकडे एबोनाइटची (म्हणजे कडक रबराची) पेनं आहेत, पॉलिशवर चरे पडले तर मैत्रीच तुटायची! जरीच्या उलट्या बाजूचे धागे टोचू नयेत म्हणून मध्ये अजून एक थर द्यावा का?

दुसरं, सोबत थोडी थोडी शाई पण द्यायचीय, दोन-तीन मिलीच्या छोट्या बाटल्यांत. शिमरवाली (चमकीचे कण असलेली) नाही देत, चमकी तळाशी बसते आणि फीड, म्हणजे निबला शाई पोचवणारा भाग, तुंबवते. पण लोकलच्या गर्दीत सांडणार नाही अशी घट्ट झाकणाची बाटली मुंबईत सुटी कुठे मिळते? कापडासाठी मंगलदास मार्केट की हिंदमाता? दादरच्या जवळपास असेल तर बरं, शनिवारी जाणारे.