ओसायरिसची सलग कथा ग्रीकांकडून आलेली

पुराणकथा वाचायच्या तर आधी इजिप्तच्या वाचाव्यात की ग्रीसच्या, असं विचारलं की बहुतेकजण 'जुनं ते आधी' असं म्हणतात. कालक्रमाने बरोबर. पण गंमत अशी की मृतांचा इजिप्शियन देव ओसायरिस याची जी सलग कथा आपण वाचतो (मेजवानीत आणलेली पेटी, त्यात त्याला कोंडणं, त्याच्या बायकोची, आयसिसची वणवण) ती प्लुटार्क या ग्रीक लेखकाची, इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची. इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या उनास राजाच्या पिरॅमिडमधला मजकूर इ.स.पू. २३५०च्या सुमाराचा, पण तिथे कथा नाहीच. मृत राजासाठी कोरलेले मंत्र आहेत, आणि कथा सगळ्यांना ठाऊकच आहे असं गृहीत धरलंय.

अस्सल इजिप्शियन गोष्टच हवी असेल तर पाचवा रामसेस या राजाच्या काळातल्या पपायरसवरचं (लव्हाळ्याच्या कागदावरचं) होरस आणि सेतचं भांडण वाचा. होरस हा ओसायरिसचा मुलगा, सेत हा भाऊ. शर्यत ठरते दगडी नावांची. होरस लाकडाची नाव करतो आणि वरून जिप्समचा गिलावा देतो. सेतला ती दगडाचीच वाटते, म्हणून हा पठ्ठ्या डोंगराचं शिखर तोडून १३८ हात लांबीची खरीखुरी दगडी नाव बनवतो. बुडणारच! मग चिडून पाणघोडा होतो आणि होरसची नाव फोडतो. प्लुटार्ककडे हा वात्रटपणा औषधालाही नाही.

हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने तर प्लुटार्कच्याही पाचेकशे वर्षं आधी ओसायरिस म्हणजे ग्रीकांचा देव डायोनिसस, आयसिस म्हणजे त्यांची देवी डिमिटर असं लावून टाकलं होतं. तेव्हा माझं मत, आधी-नंतर सोडा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. ग्रीकांकडची सुरुवात हेसिओड या प्राचीन कवीपासून केलेली बरी.